दातखिळी

५ जानेवारी

रोजनिशी लिहिणारी माणसं दोनच प्रकारची असतात, असं माझं मत होतं. एक तर फार मोठी, नाहीतर फार रिकामी. मी दोन्हीत बसत नाही. पण आजपासून मी एका कार्यक्रमाची सूत्रधार आहे. उद्या तो गाजला तर लोक विचारणारच, सुरुवात कशी झाली म्हणून. तेव्हा थापा मारायला निदान कच्चा माल तरी हवा.

तर दादाचा दातांचा दवाखाना आहे. दादा दात बघतो आणि मी दवाखाना बघते. म्हणजे फोन, वेळा, रडणारी मुलं आणि त्यांच्याहून जास्त रडणारे त्यांचे बाप. आमच्याकडे एक्स-रेची एक खोली आहे. जुनं धूड मोडीत गेलं, हातात मावेल एवढं नवं यंत्र आलं आणि खोली रिकामी झाली. भिंतीत शिसं, दारात शिसं. अशी खोली हाताशी असली की माणूस एक तर खून करतो, नाहीतर ध्वनिमुद्रण.

खेळ साधा आहे. पट नाही, पत्ते नाहीत. सूत्रधार सांगतो समोर काय आहे: जंगल, बंद दार, राक्षस. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की नाही हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. रावणाच्या दुप्पट, म्हणून दवाखान्यातले आमचे कवळीकाका त्याला 'डबल रावण' म्हणतात. लोक हे खेळता खेळता मुद्रित करतात आणि दुसरे लोक ते भांडी घासताना ऐकतात. मीही ऐकायचे. मग वाटलं, आपण किती दिवस परक्यांच्या राक्षसांवर भांडी घासायची?

कार्यक्रमाचं नाव 'दातखिळी'. मला एकदम सुचलं. दादा म्हणाला, "ऐकणाऱ्याची बसेल." मत्सर, दुसरं काय.

१२ जानेवारी

पहिला भाग मुद्रित झाला. शिशाचे जुने एप्रन भिंतीवर टांगले, मध्ये टेबल, चार जणांना चार माईक.

खेळाडूंची नोंद करून ठेवते. वहिनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. खेळात ती चोर आहे, आणि इतकी सराईत की आता मला तिच्या कपाटातल्या माझ्या दोन साड्यांबद्दल शंका येते. कवळीकाका आमच्यासाठी कवळ्या करतात, मागच्या खोलीत त्यांचा कारखाना. ते मांत्रिक. कुठलीही अडचण आली की ते आग लावतात. दार बंद? आग. पूल मोडलाय? आग. वाटेत एक गरीब म्हातारी भेटली, तिच्याशी बोला म्हटलं तर विचारतात, "ती पेटते का?"

दादा सेनापती. त्याला मुळात खेळायचंच नव्हतं. वहिनी म्हणाली, "तू खेळणार आहेस." ह्याच आवाजात ती नववीच्या वर्गाला गुरुत्वाकर्षण समजावते. पोरं ऐकतात, दादानेही ऐकलं.

काकांनी कवळीच्या गुलाबी मालातून ड्रॅगन केलाय. आत माणसाचे दात बसवलेत, दाढांसकट. इतका भयाण प्रकार मी जन्मात पाहिला नाही. ह्या ड्रॅगनसाठी मी अख्खी कथा रचली आहे: राज्य, शाप, सेनापती आणि शेवटी महायुद्ध.

सेनापतीने पहिल्याच तासात तलवार म्यान केली आणि सरायवाल्याला विचारलं, "इथे राहायला जागा मिळेल का? कायमची."

कायमची!

२ फेब्रुवारी

तिसरा भाग. ड्रॅगन अजून खोक्यातच. दादाला वाटेत डाकू दिले, तो त्यांच्याशी बोलत बसला. लांडगे दिले, त्यांनाही जेवायला घातलं. "अरे, तू सेनापती आहेस ना?" असं मी चालू खेळात विचारलं. म्हणाला, "आहे. पण रोज सकाळी उठून सेनापती असायलाच पाहिजे का?"

श्रोत्यांना हे फार आवडलंय. 'सेनापती काय बोलतात हो!' असे संदेश येतात. माझ्या शापाबद्दल, सात पिढ्यांच्या त्या सुंदर शापाबद्दल, कुणी चकार शब्द काढत नाही.

दवाखान्यातही तेच. दाढेच्या मुळांचं काम आलं की दादा ते नव्या डॉक्टरीणबाईंकडे ढकलतो. त्या आठवड्यातून काही दिवस यायच्या, आता रोज येतात. दादा नुसता तपासतो, गप्पा मारतो आणि "बाई बघतील" म्हणून मोकळा होतो. लोक निवृत्तीनंतर आळशी होतात, ह्याने आगाऊ सुरुवात केली आहे.

१६ फेब्रुवारी

एका श्रोत्याचा लांबलचक संदेश आला! गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. लिहितात, 'कार्यक्रम उत्तम. मात्र सेनापती गप्प असले की मागे बारीक टकटक ऐकू येते. घड्याळ म्हणावं तर ठोका समान नाही. कान तयार झालेत म्हणून कळवतो.'

आधी आनंद झाला, कुणीतरी इतकं कान देऊन ऐकतंय म्हणून. मग मी ऐकलं, आणि टकटक आहेच. दादा फासा मुठीत खुळखुळवत बसतो, त्याचा आवाज. मी सांगितलं, "टाकायचा तेव्हाच उचल. लहान पोर आहेस का?"

दादा म्हणाला, "बरं."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडले. दोघांचं काहीतरी बिनसलंय वाटतं. नवराबायकोच्या भांडणात नणंदेने पडू नये, म्हणून मी टेबलावर जाड लोकर चिकटवली आणि विषय मिटवला.

२ मार्च

मिटला नाही. लोकर घालूनही टकटक आहे. आता मला कंप्रेसरचा संशय येतोय. दवाखान्यातली सगळी यंत्रं त्याच्या हवेवर चालतात आणि तो म्हाताऱ्यासारखा कण्हतो. यंत्रवाल्याला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं. म्हणाला, "ताई, ह्याची तब्येत तुमच्यापेक्षा बरी आहे."

काकांना विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतं का हो?" काका ड्रॅगनच्या एका सुळ्याला घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पोरी, काही आवाज शोधायचे नसतात." मांत्रिकाची भूमिका काकांच्या डोक्यात गेली आहे.

९ मार्च

मोठी बातमी! वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आमच्या श्रोत्या निघाल्या. त्यांच्या सभागृहात, मंचावर, लोकांसमोर 'दातखिळी' होणार. मी फोनवरच हो म्हटलं. विचारायचं काय त्यात?

विचारायला हवं होतं म्हणे. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं, तर दादा चक्क नाही म्हणाला.

"लोकांसमोर नको."

"का?"

"नको म्हणजे नको."

"अरे, तुला करायचं काय आहे? खुर्चीत बसायचं आणि बोलायचं. तुला कुठे हात हलवायचाय!"

तो हसायला लागला. थांबेचना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वहिनी उठून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही आता घरी जा." एरवी ती मला नावाने हाक मारते. 'वन्सं' आणि 'तुम्ही' फक्त फाशीची शिक्षा सुनावताना.

मी असं काय बोलले? काही कळत नाही. दादा मला दारापर्यंत सोडायला आला, अजून हसतच होता. म्हणाला, "येईन मी. जा, सांग त्या बाईंना."

म्हणजे नाटकं होती नुसती. भाव खायची सवय, लहानपणापासूनची.

२३ मार्च

हे लिहायला बसले आणि दोनदा उठले.

कार्यक्रमाच्या आधी जुने भाग स्वच्छ करून ठेवावेत म्हणून आज एकेका माईकचं मुद्रण वेगळं काढून ऐकलं. एरवी चारही आवाज एकत्र ऐकते. वहिनीच्या माईकवर काही नाही. काकांच्या माईकवर त्यांचा श्वास आणि सुपारी. माझ्या माईकवर मी, अखंड. टकटक फक्त दादाच्या माईकवर आहे.

फासा हातात नाही तेव्हाही आहे. मी पाच पाच मिनिटं राज्याचा इतिहास सांगते आहे, तो गप्प बसलाय आणि हात टेबलावर टेकलेला असणार. टक, टकटक, टक. तो काही उचलायला गेला, पाण्याचा पेला किंवा फासा, की थांबते. पेला खाली ठेवला की पुन्हा सुरू. लोकर चिकटवल्यावरच्या भागात ती मऊ झाली आहे, एवढंच.

तिसऱ्या भागात मी विचारते, "अरे, तू सेनापती आहेस ना?" आणि त्याच्या उत्तराआधी जो क्षणभर थांबा आहे, त्यात ती इतकी वाढते, की मी हेडफोन काढून ठेवले.

कंप्रेसर उघडून बघितला मी. कंप्रेसर!

२४ मार्च

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दादा नेहमीसारखा रुग्णाच्या खुर्चीत पाय पसरून चहा पीत होता. डाव्या हाताने. उजवा हात मांडीखाली. कितीतरी दिवस तो असाच बसतोय आणि मी मनात म्हणत होते, काय ही बसायची तऱ्हा.

"दादा, उजवा हात दाखव."

"का, भविष्य बघतेस?"

"दाखव."

त्याने हात काढून पोटावर ठेवला. अंगठा आणि शेजारचं बोट आपलं आपण हलत होतं, जणू दोघांत मिळून एखादी बारीकशी गोळी वळताहेत. बाकीचा दादा शांत, आणि तेवढा हात कामात.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"मेंदूच्या. कंपवात म्हणाले. सुरुवात आहे, गोळ्या चालू आहेत. लगेच मरत नाहीये, तोंड नीट कर."

"वहिनीला माहीत आहे?"

"तीच घेऊन गेली ना."

"काकांना?"

"मी घेतलेली मापं वाकडी जायला लागली. एक दिवस काकांनी दार लावून घेतलं आणि विचारलं. त्या दिवसापासून मी कुणाच्या तोंडात हत्यार घातलेलं नाही. बाईंनाही सांगितलं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. हेडफोन लावून बसलेली मी तेवढी बहिरी.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू व्यवस्था केली असतीस."

"मग? व्यवस्था करणं वाईट का?"

"वाईट नाही गं. पण बाबा गेले तेव्हा लोक रडायच्या आत तू खुर्च्या मोजल्या होत्यास. मला थोडे दिवस नुसतं घाबरायचं होतं. तुझ्या हातात सापडलो असतो तर तेवढ्यात पथ्य, व्यायाम, तीन डॉक्टर आणि एक फाइल झाली असती."

मला खूप काही बोलायचं होतं. बोलले काय, तर, "फाइल तर करावीच लागेल."

"बघ," दादा म्हणाला.

मी एक्स-रेच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पोटभर रडले. भिंतीत शिसं असल्याचा हा फायदा. बाहेर आले तर दवाखाना उघडलेला होता, आणि आपली पाळी येण्याची वाट बघणारे एक आजोबा उठले, मला पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, "दुखतंय का फार? मीही घाबरतो ह्यांना."

शिशाबद्दल कुणाकडे तक्रार करतात?

३० मार्च

गेला आठवडाभर मी व्यवस्था केलेली नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही. फक्त कार्यक्रमासाठी तीन सूचना केल्या. एक, सेनापतीला पोलादी हातमोजा द्यावा. दोन, दादाचा फासा वहिनीने टाकावा. तीन, सगळंच रद्द करावं.

दादाने तिन्हींना एकच उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनीशी बोलले. स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं, "चुकलं माझं. त्या हात हलवण्याच्या…"

"तुला माहीत नव्हतं गं." पुन्हा अगंतुगंवर आली, जीव भांड्यात पडला. "पण तुला एक सांगू? ह्या खेळासाठी मी त्याच्या मागे लागले, कारण घरी तो बोलतच नव्हता. रिपोर्ट आला त्या दिवसापासून तोंडाला कुलूप. आणि त्या सरायवाल्याला बघ कसं सगळं सांगत सुटला."

सरायवाला म्हणजे मीच की. सगळे सरायवाले, डाकू आणि लांडगे मीच असते. तो सगळं मलाच सांगत होता, आणि मी आपली घड्याळ बघत होते, की ड्रॅगन कधी येणार.

६ एप्रिल

झालं. लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सभागृह भरलं होतं. घड्याळवाले गृहस्थ पहिल्या रांगेत, कान पुढे करून. ड्रॅगन मंचावर ठेवला तेव्हा एक मूल किंचाळलं. काकांच्या चेहऱ्यावर पुरस्कार मिळाल्याचा भाव. त्यांनी सुरुवातीलाच पडद्याला मंत्राने आग लावली, आणि ग्रंथपालबाई दचकून खऱ्या पडद्याकडे बघायला लागल्या.

दादाचा हात टेबलावर होता. दिव्याखाली, सगळ्यांना दिसेल असा. शेवटी एकदाचं सेनापतीने ड्रॅगनसमोर उभं राहायचं ठरवलं, आणि तेवढ्यात हात जोरात हलायला लागला. प्रेक्षकांतून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "काय अभिनय आहे!" दोघंतिघं हसली.

दादाने माईक जवळ ओढला.

"ड्रॅगनसाहेब, हा हात थरथरतोय तो तुम्हाला घाबरून नाही. तुम्हाला घाबरलोय, नाही असं नाही, पण ते काम मी पोटात करतो. हात हा असाच आहे. आता असाच राहणार आहे. तुमचं चालू द्या."

कुणी हसलं नाही. त्याने फासा टाकला. आला एक. ह्या खेळात एकापेक्षा वाईट काही नाही. तलवारीचा वार हवेत.

मग ड्रॅगनची पाळी. सूत्रधार आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, दुसऱ्यांना दिसत नाही. मी टाकला. वीस आले. सेनापती जागच्या जागी संपला.

मी फाशाकडे पाहिलं आणि म्हटलं, "चार. ड्रॅगनचा नेम चुकला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने नाही वाजवल्या. तो मला चाळीस वर्षं ओळखतो.

"आडोसा काढ," तो म्हणाला.

"नियमात बसत नाही."

"काढ गं."

मंचावर, दिव्यांखाली, एवढ्या लोकांसमोर. मी वहिनीकडे पाहिलं. ती काही मदत करायला तयार नव्हती. मी पुठ्ठा उचलून खाली ठेवला. काका वाकून बघत म्हणाले, "अरेरे. वीस."

"हं," दादा म्हणाला, "आता नीट सांग. काय झालं माझं?"

मी सांगितलं. दाढा कशा मिटल्या, चिलखत कसं वाजलं, तो कुठे पडला. काहीही गाळलं नाही, मऊ केलं नाही. मध्येच वहिनी म्हणाली, "चोर पळत येते आणि त्याच्याजवळ बसते." आणि टेबलावर खरोखर तिने दादाचा उजवा हात आपल्या हातात घेतला. दाबून धरला नाही. हलू दिला.

"सेनापती शेवटचं काही बोलतो का?" मी विचारलं.

दादाने विचार केला. "म्हणतो, फार बरं वाटलं. आता त्या मांत्रिकाला आवरा, त्याने सराईला आग लावली आहे."

मग हशा आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. घड्याळवाले गृहस्थ नंतर येऊन दादाशी बोलले. त्यांच्या वडिलांनाही हेच होतं म्हणे. 'पहिल्या भागातच ओळखलं होतं,' असं म्हणाले. म्हणजे तेही माझ्या आधी.

१४ एप्रिल

आजपासून खुर्चीचा पूर्ण ताबा डॉक्टरीणबाईंकडे. दादा माझ्या शेजारी, फोनच्या टेबलाशी. त्याचा हट्ट. घरी बसायचं नाही, आणि लोकांना काय ते आपणच सांगायचं.

एका बाईंनी विचारलंच, "डॉक्टर, तुम्ही इथे कसे?"

"बढती झाली," दादा म्हणाला. "आता मी हिच्या हाताखाली." मग हात दाखवून सगळं सांगितलं, जसं तो पूर्वी किडलेली दाढ आरशात दाखवून सांगायचा. बाईंनी डोळे पुसले. दादाने त्यांना कापूस दिला. सवय.

कामात तो भयंकर आहे. दोन कुटुंबांना एकच वेळ दिली. एका माणसाशी अर्धा तास बोलला आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो चुकून लागलेला नंबर होता. मी तोंड उघडणार होते, व्यवस्था ओठांपर्यंत आली होती. गिळली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर म्हणाला, "मला नवं पात्र लागेल."

"कोण हवंय?"

"अजून ठरलं नाही." हात टेबलावर होता, वेळेच्या वहीवर त्याची टकटक चालली होती. "पण आयुष्य भरपूर असलेलं दे. खूप वर्षं खेळायचंय."

"बघते," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. दादाने उचलला, अतिशय गोड आवाजात चौकशी केली, आणि दाढ ठणकून रडकुंडीला आलेल्या माणसाला पुढच्या महिन्यातली वेळ दिली.